बोएथियस: न संपलेला प्रकल्प आणि त्यातून जे उरलं

नेट किंवा सेटचा पहिला पेपर देणार असाल, तर तर्काच्या घटकात तुम्हाला एक चौकोन भेटतो. चार कोपऱ्यांवर चार विधानं: सर्व अ ब आहेत, एकही अ ब नाही, काही अ ब आहेत, काही अ ब नाहीत. यातली कोणती जोडी एकाच वेळी खरी असू शकत नाही, कोणती एकाच वेळी खोटी असू शकत नाही, यावर प्रश्न येतात. आपण चौकोन पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरतो.

या चौकोनामागचा विचार ॲरिस्टॉटलचा. त्याची आकृती दुसऱ्या शतकातल्या, आपुलेइअसच्या नावावर असलेल्या एका लॅटिन पुस्तकात वर्णन केलेली आहे. पण युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांपर्यंत ती पोहोचली ती मुख्यतः एका माणसाच्या टीकाग्रंथामुळे. (कोपऱ्यांवरची ए, ई, आय, ओ ही अक्षरं मात्र त्याची नाहीत, ती बऱ्याच नंतर चिकटली.) हा माणूस म्हणजे बोएथियस. पूर्ण नाव अनिसिअस मॅन्लिअस सेव्हेरिनस बोएथियस. सगळीकडे त्याची ओळख 'तुरुंगात बसून पुस्तक लिहिणारा तत्त्वज्ञ' अशीच करून दिली जाते. ते पुस्तक मोठं आहेच, त्याच्याकडे येऊ. पण संशोधनाच्या वाटेवर निघालेल्यांनी आधी त्याचं तुरुंगाआधीचं काम बघावं असं मला वाटतं, कारण ते आपल्या कामासारखं आहे. कंटाळवाणं, तपशिलाचं, आणि आवाक्याबाहेरच्या योजनेपासून सुरू झालेलं.

काळ आधी पक्का करू. इ.स. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवटचा सम्राट पदच्युत झाला आणि इटलीत ओडोएसर राज्य करू लागला. त्याच सुमारास, ४८० च्या आसपास, रोममधल्या एका जुन्या श्रीमंत घराण्यात बोएथियसचा जन्म झाला. वडील ४८७ साली कॉन्सल होते, पण ते लवकर गेले आणि मुलगा सिमॅकस नावाच्या विद्वान सिनेटरच्या घरी वाढला. पुढे त्याच्याच मुलीशी, रुस्टिसियानाशी, त्याचं लग्न झालं. ४९३ मध्ये ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकने ओडोएसरला मारून इटली ताब्यात घेतली. राजधानी रावेना, राजा गॉथ, सैन्य गॉथ, पण कारभार बराचसा रोमन पद्धतीचा. सिनेट होती, कॉन्सल निवडले जात होते, मोठी घराणी मानात होती. म्हणजे साम्राज्य 'कोसळलं' असं आपण शाळेत शिकतो, पण तिथे राहणाऱ्या माणसाला ते तसं दिसत असेलच असं नाही. कचेऱ्या चालू असतात तोवर माणसाला वाटतं, चाललंय.

एक गोष्ट मात्र हळूहळू बंद होत होती आणि ती बोएथियसला दिसली. रोममधल्या शिकलेल्या माणसांचं ग्रीक सुटत चाललं होतं. सिसेरोच्या काळात लॅटिन विद्वान ग्रीक ग्रंथ थेट वाचायचा. बोएथियसच्या पिढीत तसं वाचणारे थोडेच उरले होते. तर्कशास्त्र, गणित, खगोल, संगीतशास्त्र हे सगळं मुख्यतः ग्रीकमध्ये. भाषा गेली की ज्ञानाचं दारच बंद.

यावर त्याने जी योजना आखली ती आजच्या कुठल्याही संशोधन समितीने पहिल्याच बैठकीत परत पाठवली असती. ॲरिस्टॉटलचे हाती येतील ते सगळे ग्रंथ लॅटिनमध्ये आणायचे आणि त्यांवर टीका लिहायची. प्लेटोचे सगळे संवाद भाषांतरित करायचे. आणि मग या दोघांत, मूलभूत बाबतीत, विरोध नसून मेळ आहे हे दाखवून द्यायचं. हे त्याने स्वतः एका टीकाग्रंथात लिहून ठेवलंय. पस्तिशीच्या आसपासचा माणूस, पूर्ण वेळ राजकारणातल्या घराण्याचा, आणि हा बेत!

प्रत्यक्षात काय झालं? प्लेटोचा एकही संवाद त्याच्या भाषांतरात आपल्यापर्यंत आलेला नाही. ॲरिस्टॉटलचं भौतिक, नीती, अतिभौतिक यातलं काही नाही. झालं ते मुख्यतः तर्कशास्त्र: पॉर्फिरीची 'इसागोगी' ही प्रवेशिका, मग ॲरिस्टॉटलचे 'कॅटेगरीज', 'ऑन इंटरप्रिटेशन', 'प्रायर ॲनालिटिक्स', 'टॉपिक्स' आणि 'सोफिस्टिकल रेफ्युटेशन्स'. योजनेच्या मानाने एक कोपरा.

पण त्याने सुरुवात कुठून केली ते बघा. शिकवण्याच्या ठरलेल्या क्रमात जे सगळ्यात आधी येतं, ज्याच्याशिवाय पुढचं वाचताच येत नाही, तिथून. त्यामुळे काम अर्ध्यात थांबलं तरी जे झालं ते स्वतःच्या पायावर उभं राहू शकलं. समजा त्याने प्लेटोच्या दोन आवडत्या संवादांपासून सुरुवात केली असती, तर मागे दोन सुंदर भाषांतरं राहिली असती आणि लॅटिन जगाला युक्तिवाद तपासण्याची अवजारं मिळायला शेकडो वर्षं लागली असती.

त्याची कामाची पद्धत तर आपल्याला फारच ओळखीची वाटेल. 'इसागोगी'वर त्याने आधी एक टीका लिहिली ती मारिअस व्हिक्टोरिनस या आधीच्या लेखकाचं लॅटिन भाषांतर वापरून. ते वापरताना त्यातल्या चुका जाणवत गेल्या. मग त्याने मूळ ग्रीकवरून स्वतः भाषांतर केलं आणि त्यावर दुसरी, मोठी टीका लिहिली. 'ऑन इंटरप्रिटेशन'वरही दोन टीका आहेत: एक नवशिक्यांसाठी सोपी, दुसरी खोलात जाणारी. भाषांतर शब्दाला शब्द. लोक नावं ठेवतील हे त्याला माहीत होतं आणि त्याचं उत्तर तयार होतं: ज्या ग्रंथातून गोष्ट नीट समजून घ्यायची आहे, तिथे भाषेची शोभा नको, अर्थ बिघडता कामा नये. त्याची ही भाषांतरं वाचायला रुक्ष आहेत असं म्हणतात. असतील. पण विषय आणि विधेय, जाती आणि उपजाती, यांसाठी त्याने लॅटिन शब्द जसे ठरवून, सगळीकडे तसेच वापरले, त्यामुळे पुढच्यांना वाद घालता आला. एकाच संज्ञेसाठी दर प्रकरणात नवा शब्द वापरणारा प्रबंध वाचला असेल, तर हे किती मोठं काम आहे ते कळेल.

एक उदाहरण देते. पॉर्फिरीने 'इसागोगी'च्या सुरुवातीलाच एक प्रश्न उभा करून बाजूला ठेवला होता: 'माणूस', 'प्राणी' अशा जाती खरोखर अस्तित्वात असतात की फक्त आपल्या मनात? असल्या तर वस्तूंपासून वेगळ्या असतात की वस्तूंमध्येच? बोएथियसने दुसऱ्या टीकेत हा प्रश्न अंगावर घेतला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रेषा कधीही पदार्थापासून सुटी अशी आढळत नाही, तरी आपण तिचा सुटा विचार करतो, आणि तो विचार खोटा ठरत नाही. जे एकत्र असतं त्यातलं एक अंग मनाने वेगळं काढणं म्हणजे चूक करणं नव्हे. आम्ही विज्ञानवाले घर्षण नसलेला उतार रोज वापरतो, पण तो वापरण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो याचा विचार कितीजण करतात? आणि एवढं मांडून शेवटी तो म्हणतो की हे उत्तर मी ॲरिस्टॉटलच्या मताप्रमाणे दिलंय, ते मला सगळ्यात जास्त पटतं म्हणून नाही, तर हे पुस्तक ॲरिस्टॉटलच्या अभ्यासासाठी आहे म्हणून. दुसऱ्याचं मत समजावणं आणि स्वतःचं मत देणं यातली रेघ इतकी स्वच्छ आखलेली मी फार कमी ठिकाणी वाचलीय. बाराव्या शतकात आबेलार वगैरे मंडळी ज्या वादात बुडून गेली तो वाद या परिच्छेदांतून निघाला.

तर्काशिवाय त्याने अंकगणितावर आणि संगीतशास्त्रावर पाठ्यपुस्तकं लिहिली. अंकगणिताचं पुस्तक निकोमॅकसच्या ग्रीक ग्रंथावर आधारलेलं आहे. अंकगणित, संगीत, भूमिती, खगोल या चौकडीला 'क्वाड्रिव्हियम' हे नाव मिळालं ते तिथूनच. आणि हा माणूस फक्त पुस्तकी नव्हता. थिओडोरिकच्या नावाने कॅसिओडोरसने लिहिलेली सरकारी पत्रं आज उपलब्ध आहेत, त्यातली काही बोएथियसला आहेत. एका पत्रात राजाच्या शरीररक्षकांची तक्रार आहे की पगारात कमी वजनाची नाणी देतात, तेव्हा अंकगणित जाणणाऱ्याने जरा लक्ष घालावं. दुसऱ्यात बर्गंडीच्या राजाला भेट द्यायला पाणघड्याळ आणि छायाघड्याळ तयार करून हवंय. तिसऱ्यात फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याच्याकडे पाठवायला चांगला वादक निवडून द्यायचाय. विद्वान माणूस म्हटलं की सरकारला त्याच्याकडून काय काय हवं असतं ते तेव्हापासून बदललेलं नाही.

संगीताच्या पुस्तकाबद्दल मात्र एक तक्रार करायलाच हवी. त्यात पायथागोरसची ती प्रसिद्ध गोष्ट आहे: लोहाराच्या भट्टीजवळून जाताना त्याला हातोड्यांचे आवाज जुळलेले ऐकू आले, वजनं केली तर ती १२, ९, ८, ६ या प्रमाणात निघाली. १२ आणि ६ मध्ये सप्तकाचं अंतर, १२ आणि ८ मध्ये षड्ज-पंचमाचं, १२ आणि ९ मध्ये षड्ज-मध्यमाचं. पुढे तीच वजनं तारांना टांगली तरी तसंच झालं म्हणे. तारेच्या लांबीला हे गुणोत्तर बरोबर लागू पडतं. वजनाला नाही. तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वजन दुप्पट केलं तर कंप्रता १.४१ पट होते, दुप्पट नाही. सप्तक हवं असेल तर वजन चौपट करावं लागतं. हातोड्याचं तर सोडाच. हे तपासायला दोन तारा आणि थोडी वजनं पुरतात. तरीही ही गोष्ट प्रतीमागून प्रत उतरवली गेली, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी व्हिन्चेन्झो गॅलिलेई, म्हणजे गॅलिलिओचे वडील, यांनी वजनं टांगून बघितली तेव्हा कुठे ती नीट खोडली गेली. बोएथियसने ही गोष्ट रचली नाही, त्याला ती आधीच्या ग्रंथांतून मिळाली होती. पण ज्याच्या हातून सगळं पुढे जातं, त्याच्या हातून चूकही तेवढ्याच इमानदारीने पुढे जाते. 'आधीच्या संशोधनाचा आढावा' लिहिताना मूळ लेख न उघडता संदर्भाचा संदर्भ देण्याचा मोह होतो ना, तेव्हा हे हातोडे आठवा.

आता राजकारण. ५१० साली बोएथियस कॉन्सल झाला. ५२२ साली त्याचे दोन्ही मुलगे एकाच वेळी कॉन्सल झाले, अगदीच दुर्मीळ मान. त्याच सुमारास थिओडोरिकने त्याला 'मॅजिस्टर ऑफिसिओरम' नेमलं, म्हणजे दरबारातल्या कचेऱ्यांचा प्रमुख. शिखर म्हणतात ते हेच. दोन वर्षांत सगळं संपलं.

कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. थिओडोरिक आणि त्याचे गॉथ एरियन पंथाचे ख्रिस्ती, तर रोमचे सिनेटर आणि कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसऱ्या बाजूचे. जोवर रोमच्या आणि पूर्वेच्या चर्चमध्ये फूट होती तोवर थिओडोरिकला चिंता नव्हती. ५१९ मध्ये ती फूट मिटली. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा जावई आणि वारस युथारिक मेला. म्हातारा राजा, वारस लहान नातू, आणि रोममधले उमराव पूर्वेच्या सम्राटाशी जवळीक करू लागलेले. अशा वेळी सायप्रियन नावाच्या अधिकाऱ्याने आरोप केला की अल्बिनस हा सिनेटर सम्राट जस्टिनशी राजद्रोही पत्रव्यवहार करतोय. व्हेरोनात हे प्रकरण राजासमोर आलं तेव्हा बोएथियस उभा राहिला आणि म्हणाला की आरोप खोटा आहे, आणि अल्बिनसने तसं केलं असेल तर मी आणि सगळ्या सिनेटनेही ते केलंय. सायप्रियनने मग आरोप त्याच्यावरही लावला. त्याच्या नावाची बनावट पत्रं पुढे आली, सोबत जादूटोण्यासारख्या पापकृत्याचा ठपका. पाचशे मैलांवरच्या तुरुंगात असताना, त्याचं म्हणणंही न ऐकता, त्याला दोषी ठरवलं गेलं. ठरवलं कोणी? त्याच सिनेटने. ५२४ च्या सुमारास त्याला हाल करून मारण्यात आलं. मागोमाग सासरे सिमॅकसलाही, आणि ५२६ मध्ये थिओडोरिक स्वतः गेला.

इथे स्रोतांचा एक छान धडा आहे. बोएथियस आपल्यावर आरोप करणाऱ्यांत ओपिलिओचं नाव घेतो आणि सांगतो की हा फसवणुकीसाठी हद्दपारीची शिक्षा झालेला माणूस, चर्चच्या आश्रयाला लपलेला, ठरलेल्या दिवसापर्यंत रावेना सोडलं नाही तर कपाळावर डाग द्यायचा हुकूम झालेला, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याची माझ्याविरुद्धची साक्ष स्वीकारली गेली. उलट कॅसिओडोरसच्या सरकारी पत्रांत ओपिलिओची मोठ्या पदावर नेमणूक होते आणि त्याच्या सचोटीची, घराण्याची स्तुती होते. बहुतेक अभ्यासक हा तोच ओपिलिओ मानतात. एक स्रोत मृत्यूच्या दारातल्या माणसाचा, दुसरा नेमणूकपत्राचा ठरीव मजकूर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा, आणि हा अधिकारी बोएथियसनंतर त्याच्याच पदावर आलेला. माझा कल बोएथियसकडे आहे, पण तो कल आहे, पुरावा नाही. तुम्ही इतिहासाचे असा वा रसायनशास्त्राचे, हा फरक वहीत लिहून ठेवा.

तुरुंगात लिहिलेलं पुस्तक म्हणजे 'तत्त्वज्ञानाचं सांत्वन'. पाच भाग, गद्य आणि पद्य आळीपाळीने. कैदी रडत बसलाय, आणि तत्त्वज्ञान एका स्त्रीच्या रूपात येऊन त्याची खरडपट्टी काढते. नशीब, संपत्ती, पद, कीर्ती यांचा पाढा वाचून होतो. नशिबाचं फिरतं चाक युरोपभर चित्रांत दिसतं ते बरंचसं या पुस्तकामुळे. हा भाग सगळे सांगतात, म्हणून मी पाचव्या भागाबद्दल सांगते.

प्रश्न असा: देवाला उद्या काय होणार हे आधीच माहीत असेल, तर उद्याचं ठरलेलंच झालं, मग माझ्या निवडीला अर्थ काय? बोएथियस दोन गोष्टी करतो. पहिली, अपरिहार्यतेचे दोन प्रकार वेगळे करतो. 'एखादा चालतोय हे मला माहीत असेल, तर तो चालतच असला पाहिजे' हे विधान अपरिहार्यपणे खरं आहे, कारण खोट्याचं ज्ञान होत नाही. पण यावरून 'त्याला चालणं भागच होतं' हे निघत नाही. तो बसूनही राहू शकला असता, आणि मग मला वेगळं दिसलं असतं. अपरिहार्यता 'जर-तर'च्या संपूर्ण वाक्याची आहे, फक्त 'तर'नंतरच्या तुकड्याची नाही. दुसरी, तो म्हणतो की जाणणं हे जाणणाऱ्याच्या स्वरूपावर अवलंबून असतं. देव काळाच्या आत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सगळं 'आत्ता' आहे. तो भविष्य आधी बघत नाही, नुसता बघतो. आणि बघण्यामुळे कोणी चालायला लागत नाही.

दुसरा मुद्दा पटो न पटो, पहिला पटायलाच हवा, आणि तो कामाचा आहे. 'निष्कर्ष अमुक आला असेल तर कारण तमुक असलंच पाहिजे' यातला 'असलंच पाहिजे' नक्की कुठे लागतो हे न बघता लिहिलेले निष्कर्ष आपण जर्नलांत वाचतोच. गंमत म्हणजे हे पुस्तक तो ग्रंथालयाशिवाय लिहीत होता. इतक्या बारकाईची मांडणी त्याला बरीचशी डोक्यातूनच काढावी लागली, कारण हाच प्रश्न तो कितीतरी वर्षं आधी 'ऑन इंटरप्रिटेशन'च्या टीकेत, उद्या होणाऱ्या समुद्रावरच्या लढाईच्या उदाहरणावर, घासून बसला होता.

मृत्यूनंतर काय? तर्काचे ग्रंथ आधी. बाराव्या शतकापर्यंत लॅटिन युरोपला माहीत असलेला ॲरिस्टॉटल म्हणजे जवळपास बोएथियसचा ॲरिस्टॉटल, तोही पूर्ण नाही. त्याची काही भाषांतरं मधल्या शतकांत कोणी उघडतही नव्हतं आणि बाराव्या शतकात ती पुन्हा वापरात आली. 'सांत्वन'चा प्रवास तर थक्क करणारा. त्याचं जुनं इंग्रजी भाषांतर राजा आल्फ्रेडच्या नावावर आहे, जुनं जर्मन नोटकरचं, फ्रेंच जाँ द मूनचं, मग चॉसरचं इंग्रजी, आणि १५९३ मध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिनेही केलं. दान्तेने त्याला स्वर्गात जागा दिली. पावियात सान पिएत्रो इन चिएल दोरो या चर्चमध्ये त्याची कबर आहे.

एक वाद मात्र फार काळ चालला. 'सांत्वन'मध्ये ख्रिस्ताचं नावसुद्धा नाही. मग त्याच्या नावावर असलेले ख्रिस्ती धर्मशास्त्रावरचे छोटे निबंध त्याचेच का? मोठमोठ्या विद्वानांनी नाही म्हटलं. शैलीवरून, विचारांवरून, सगळ्या बाजूंनी युक्तिवाद झाले. मग १८७७ मध्ये हेर्मान उझेनरने कॅसिओडोरसच्या एका लेखनाचा छोटा तुकडा प्रसिद्ध केला, आल्फ्रेड होल्डरला हस्तलिखितात सापडलेला. त्यात कॅसिओडोरस सरळ सांगतो की बोएथियसने त्रिमूर्तीवर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर, पुस्तक लिहिलं. समकालीन माणसाची साक्ष. वाद जवळजवळ तिथेच संपला.

वाचायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'सांत्वन'चा पहिला भाग, कारण त्यात त्याची बाजू त्याच्याच तोंडून कळते. मग थेट पाचवा भाग, कागद-पेन घेऊन, 'जर' आणि 'तर' खुणा करत. मधले तीन नंतर. कुठलंही इंग्रजी भाषांतर चालेल, पण दोन शेजारी ठेवा आणि 'अपरिहार्य' हा शब्द दोघांनी कुठे कुठे कसा नेलाय ते बघा. तर्कावरच्या टीकांपैकी 'इसागोगी'वरच्या दुसऱ्या टीकेतला जातींबद्दलचा तुकडा तेवढा शोधा, मध्ययुगीन तत्त्वज्ञानाच्या बहुतेक संकलनांत तो असतो. आठ-दहा पानांचाच आहे, पण एका बैठकीत संपेल अशी आशा ठेवू नका.